सहाशे वर्षं जुनं विद्यापीठ खरं, पण डॉक्टरकी कुठं करायचीय?

नीटचा निकाल लागला की आपल्या या सदराकडं मेडिकलचे प्रश्न येतातच, पण यावेळी निम्म्याहून जास्त प्रश्न युरोपातल्या जुन्या विद्यापीठांबद्दल आलेत. मी स्वतः प्रागला चार्ल्स विद्यापीठात शिकले, परत येऊन इथली परीक्षा दिली आणि आता कोल्हापुरातच प्रॅक्टिस करते, म्हणून संपादकांनी सगळे प्रश्न माझ्याकडं पाठवलेत. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

राजारामपुरी, कोल्हापूर : ताई, मुलगी नीटमध्ये पात्र झालीय पण सरकारी कॉलेज मिळेल एवढे मार्क नाहीत, आणि इथल्या खासगीची फी आम्हाला झेपत नाही. एका एजंटनी युरोपातलं सहाशे वर्षं जुनं विद्यापीठ सुचवलंय. म्हणतो जगात नाव आहे, आठ दिवसांत टोकन भरा नाहीतर सीट जाईल. भरू का?

नका भरू. अर्जाची तारीख, प्रवेश परीक्षेची तारीख, फी किती, हे सगळं विद्यापीठ स्वतः जाहीर करतं आणि बहुतेक ठिकाणी अर्ज पण घरबसल्या स्वतःला करता येतो, आठ दिवसांत सीट जाते हे विद्यापीठ सांगत नाही, एजंट सांगतो. कागदपत्रांची धावपळ मनापासून करणारी माणसं पण या धंद्यात आहेत, त्यांना त्यांच्या कामाचे पैसे द्यावेत, पण फी जाणार ती थेट विद्यापीठाच्या खात्यावर आणि पावती पण विद्यापीठाचीच, यात कुणाचंही ऐकू नका.

आता त्या सहाशे वर्षांबद्दल. प्रागचं चार्ल्स विद्यापीठ १३४८ चं, पोलंडमध्ये क्राकोवचं यागिलोनियन १३६४ चं, व्हिएन्ना १३६५, इटलीतलं पादुआ १२२२ आणि बोलोन्याचं तर १०८८ पासून धरतात. ही नावं पोकळ नाहीत. फिजिऑलॉजीत पुर्किंजे सेल्स येतात ना, तो पुर्किंजे प्रागचाच विद्यार्थी. बायोकेमिस्ट्रीत कोरी सायकल पाठ करतो आपण, ते कार्ल आणि गर्टी कोरी हे नवराबायको प्रागलाच १९२० साली डॉक्टर झाले आणि १९४७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, मेडिसिनचं नोबेल मिळवणारी गर्टी ही पहिली बाई. हृदय रक्त कसं फिरवतं हे जगाला दाखवणारा विल्यम हार्वी १६०२ ला पादुआतून पदवी घेऊन गेला. अशा ठिकाणी शिकताना अंगावर मूठभर मांस चढतं, मला चढलं होतं, त्यात खोटं काही नाही.

पण परत आल्यावर एनएमसी, म्हणजे आपलं राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, विद्यापीठाचं वय विचारत नाही. ते काय विचारतात ते २०२१ च्या नोव्हेंबरमधल्या नियमांत लिहिलंय, आणि माझी कळकळीची विनंती आहे की टोकन भरायच्या आधी ते नियम आईबाप आणि मुलगी तिघांनी बसून वाचा, इंग्रजी अवघड वाटलं तर कॉलेजातल्या एखाद्या सरांना घेऊन बसा. थोडक्यात असं आहे की कोर्स निदान ५४ महिन्यांचा हवा, तो इंग्रजी माध्यमातून हवा, त्याशिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथंच त्याच संस्थेत हवी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या देशाची पदवी आहे त्या देशात तिथल्या नागरिकाला मिळतं त्याच तोडीचं डॉक्टरकीचं लायसन्स तुमच्या मुलीला मिळायला पाहिजे. शिवाय सगळं १० वर्षांच्या आत. मग भारतात परीक्षा, सध्या ती एफएमजीई आहे, ३०० प्रश्न आणि पास व्हायला १५०, वर्षातून दोनदा होते. आणि मग इथं परत १२ महिने इंटर्नशिप.

यात अडकायला होतं ते इंटर्नशिपला. युरोपात बहुतेक ठिकाणी कोर्स सहा वर्षांचा असतो त्यामुळे ५४ महिन्यांची चिंता नाही. पण शेवटचं वर्ष प्रत्येक देशात वेगळं. हंगेरीत सहावं वर्ष पूर्ण रोटेशनचं, म्हणजे आळीपाळीनं एकेका वॉर्डात काम करायचं, चेकमध्ये सहाव्या वर्षी मेडिसिन, सर्जरी, लहान मुलं, गायनॅक अशी रोटेशन आणि त्यांच्याबरोबरच राज्य परीक्षा. पोलंडमध्ये इंटर्नशिप पदवीनंतर वेगळी असते. इटलीत आता पदवीबरोबरच प्रॅक्टिसचा हक्क मिळतो, त्यासाठीची प्रॅक्टिकल ट्रेनिंग कोर्सच्या आतच तीन महिन्यांची असते. म्हणजे कागदावर "१२ महिने इंटर्नशिप" असं सगळीकडं सरळ लिहिलेलं मिळत नाही. म्हणून विद्यापीठाच्या डीन ऑफिसला मेल करा आणि लेखी विचारा की भारतातल्या नियमाप्रमाणे कोर्सचे महिने किती, इंटर्नशिपचे महिने वेगळे किती, आणि भारतीय विद्यार्थ्याला पदवीनंतर तुमच्या देशात लायसन्स मिळतं का. ते उत्तर देतात, चांगलं विद्यापीठ नक्की देतं. एजंटनी "सगळं एनएमसी अप्रूव्ह्ड आहे" म्हटलं तर तिथंच सावध व्हा, कारण एनएमसी परदेशी कॉलेजांना मान्यता देत पण नाही आणि मान्यताप्राप्तांची यादी पण ठेवत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी मुलीला एक विचारा की बाळा तुला डॉक्टर होऊन काम कुठं करायचंय. कोल्हापुरात, तिकडंच, का अमेरिका-इंग्लंडला? हे ठरलं की देश ठरतो, देश ठरला की विद्यापीठ. आमच्याकडं उलटं होतं, आधी विद्यापीठ ठरतं आणि मुलगी चौथ्या वर्षाला गेल्यावर घरात चर्चा सुरू होते की आता पुढं काय. इंग्लंडला जायचं तर तिथली परीक्षा वेगळी, अमेरिकेची यूएसएमएलई वेगळी, आणि "युरोपची पदवी अख्ख्या युरोपात चालते" असं जे सांगतात ते अर्धवट आहे. युरोपियन युनियनमध्ये डॉक्टरच्या पदवीला आपोआप मान्यता द्यायचा जो नियम आहे तो युनियनच्या नागरिकांसाठी आहे, भारतीय पासपोर्टवाल्याला प्रत्येक देशाची वेगळी प्रक्रिया करावी लागते आणि शिवाय प्रत्येक देशाची भाषा.

इचलकरंजी : नीट न देता गेलं तर चालतं का? तिकडचं विद्यापीठ नीट मागत नाही म्हणे.

विद्यापीठ मागत नाही हे खरं असेल, पण भारतात परत येऊन डॉक्टरकी करायची असेल तर जायच्या आधी नीट पात्र असणं सक्तीचं आहे. मागून देऊन भरपाई होत नाही. परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं चालतो, त्यामुळे यंदा पात्र झालात आणि एक वर्ष भाषा शिकण्यात घालवलं तरी काही बिघडत नाही.

शाहूपुरी, कोल्हापूर : मॅडम, मला प्रागच्या इंग्लिश प्रोग्रॅमला प्रवेश मिळालाय. सीनियर म्हणतात चेक भाषा फक्त पास होण्यापुरती करायची, सगळं इंग्लिशमध्येच असतं. खरंय का?

लेक्चर इंग्लिशमध्ये असतं, पुस्तकं इंग्लिशमध्ये असतात, परीक्षा इंग्लिशमध्ये होते. पेशंट इंग्लिशमध्ये नसतो गं.

तू सीपीआरची, म्हणजे कोल्हापूरच्या आपल्या सरकारी दवाखान्याची, ओपीडी बघितली असशील. समज तिथं एक परदेशातनं आलेला शिकाऊ डॉक्टर बसलाय, मराठी येत नाही, आणि गगनबावड्याहून आलेली म्हातारी त्याला सांगतीय की पोटात कळ येतीया, मग पाठीत जातीया, आणि जेवल्यावर लईच. हा फक्त मान हलवतोय. म्हातारीनं जे सांगितलं त्यातच अर्धं निदान होतं आणि ते हवेत गेलं. तिसऱ्या वर्षापासून प्रागच्या वॉर्डात हा शिकाऊ डॉक्टर तू असणार आहेस. तिथल्या आज्या पण असंच बोलतात, लांबलचक, मधेच मुलाची तक्रार, मधेच औषधाचं नाव चुकीचं, आणि त्यांना परदेशी पोरीनं दोन वाक्यं नीट त्यांच्या भाषेत बोलली की इतका आनंद होतो की हात धरून बसवून घेतात, पोटाला हात लावू देतात, परत परत तपासू देतात. ज्यांना भाषा येत नाही ती मुलं खाटेच्या पायथ्याशी उभी राहतात आणि ग्रुपमधलं कुणीतरी भाषांतर करेल याची वाट बघतात. सहा वर्षांत या दोघांच्या शिकण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

कोर्समध्ये चेक हा विषय असतोच आणि त्याची परीक्षा पण असते, पण त्या तासांवर भागत नाही. चेक अवघड आहे, सात विभक्त्या आहेत, नामाचं रूप जागेप्रमाणे बदलतं. घाबरू नकोस, आपण मराठी माणसं आहोत, "घर" चं "घराला, घरात, घरातून" आपण लहानपणापासून करतोय आणि तीन लिंगं पण आपल्याला आहेत, चेकमध्ये पण तीन आहेत. इंग्लिश बोलणाऱ्या मुलांपेक्षा तुला ते लवकर पचेल. जायच्या आधी जे दोन-तीन महिने आहेत त्यात आकडे, वार, शरीराचे अवयव, आणि "कधीपासून, कुठं, किती, कशानं वाढतं, कशानं कमी होतं" एवढं तरी करून जा. तिथं गेल्यावर भारतीय मुलांच्याच खोलीत राहायचा मोह होतो, साहजिक आहे, पण जमलं तर पहिल्याच वर्षी एखादी चेक रूममेट बघ.

आणि वरच्या उत्तरातला लायसन्सचा मुद्दा इथंच येऊन जोडला जातो. चेकमध्ये डॉक्टर म्हणून काम करायला तिथल्या मेडिकल चेंबरचं सभासदत्व सक्तीचं आहे आणि प्रत्यक्ष कामाला भाषा लागते. म्हणजे भारतात परत यायचं असलं तरी, तिथं राहायचं असलं तरी, दोन्हीकडून भाषा तुझ्या उपयोगाचीच आहे.

जयसिंगपूर : आमचा मुलगा पहिलं वर्ष पूर्ण करून दुसऱ्यात आहे, तिथलंच एक जुनं विद्यापीठ. अॅनाटॉमीत नापास झालाय. बारावीला ९४ टक्के होते. फोनवर धड बोलत नाही. परत बोलवून घेऊ का?

लगेच बोलवू नका. आधी दोघंही शांत व्हा आणि मग त्याला फोन करा, आणि पहिल्या फोनवर अभ्यासाचा विषयच काढू नका, जेवण, झोप, थंडी एवढंच विचारा.

आता परीक्षेची पद्धत समजून घ्या कारण आपल्याकडं नापास म्हणजे वर्ष गेलं असं डोक्यात बसलंय आणि तिथं तसं नाही. चार्ल्समध्ये कसं असतं ते सांगते, बाकी मध्य युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत पण साधारण हीच रीत. आधी वर्षभराच्या छोट्या टेस्ट आणि हजेरी पूर्ण करून विषयाचं क्रेडिट मिळवायचं, ते मिळालं तरच परीक्षेला बसता येतं. परीक्षेची तारीख विद्यार्थी स्वतः निवडतो, परीक्षेच्या मोसमात बऱ्याच तारखा दिलेल्या असतात. आणि मोठ्या विषयांची परीक्षा तोंडी. अॅनाटॉमीला डिसेक्शन हॉलमध्ये आधी प्रॅक्टिकल, मग प्राध्यापकासमोर बसायचं, चिठ्ठी उचलायची, त्यावर जे टॉपिक येतील त्यावर थोडा वेळ तयारी करायची आणि मग बोलायचं. नुसतं बोलायचं नाही तर समोरचा मधेच थांबवून विचारतो की हे असं का, ही नस इथून का जाते, इथं कापलं तर काय बंद पडेल. एका विषयाला एकूण तीन संधी असतात, पहिली आणि दोन फेरपरीक्षा, त्यामुळे एकदा नापास झालेली मुलं वर्गात खूप असतात आणि त्यात लाजिरवाणं कुणालाच वाटत नाही. गुण पण उलटे, १ म्हणजे सगळ्यात छान आणि ४ म्हणजे नापास.

आता आपल्या ९४ टक्क्यांचं काय होतं बघा. आपली मुलं बारावी आणि नीटला चार पर्यायांतला एक बरोबर शोधायला तयार झालेली असतात, त्यात ती फार हुशार असतात. तोंडीला पर्याय नसतात. त्याला सगळं येत असेल तरी तोंडातून सलग दहा मिनिटं इंग्लिशमध्ये बाहेर काढायची सवय नसते, शाळेत उभं राहून बोलायची सवयच आपण लावलेली नाही मुलांना, हा दोष त्याचा नाही. उपाय अगदी साधा आहे आणि तो चालतो. रोज एक टॉपिक पुस्तक मिटून मोठ्यानं बोलायचा, मित्रासमोर, मित्र नसेल तर भिंतीसमोर, आणि कागदावर चित्र काढत काढत बोलायचा. त्याला म्हणावं आईला व्हिडिओ कॉलवर रोज एक हाड समजावून सांग. आईला काही कळायची गरज नाही, त्यानं सांगितलं पाहिजे. एका पालकांनी हे खरंच केलं होतं आणि त्यांच्या आईंना आता मनगटाची आठ हाडं क्रमानं येतात.

डिसेक्शनबद्दल पण एक सांगते. अॅनाटॉमीचा तो हॉल पहिल्यांदा अंगावर येतो, काही मुलं आतून हलतात आणि घरी सांगत नाहीत. प्रागमध्ये १६०० साली जेसेनियस नावाच्या डॉक्टरानं लोकांसमोर शवविच्छेदन केलं होतं, तेव्हापासूनची परंपरा आहे, शिक्षक फार आदरानं वागतात आणि देहदान केलेल्यांचा मान राखायला शिकवतात. मुलगा त्याबद्दल बोलला तर ऐकून घ्या, "एवढं काय त्यात" म्हणू नका. झोप उडालीय, जेवण सुटलंय, खोलीतून बाहेर पडत नाही असं दिसलं तर विद्यापीठात समुपदेशक असतात, त्यांच्याकडं जायला सांगा, आणि गरज वाटली तर तुमच्यातलं एक जण जाऊन या. तिन्ही संधी संपल्या तरच पुढचा निर्णय, आणि तेव्हा सुद्धा विषय पुढच्या वर्षी पुन्हा घेता येतो का हे आधी डीन ऑफिसला विचारायचं.

शिरोळ : दोन एकर ऊस आहे. मुलगा हुशार आहे. कुणी म्हणतं जर्मनीत फी नाही, कुणी म्हणतं इटलीत कमी फी. अर्धी जमीन विकून पाठवावं असं घरात चाललंय. तुमचं मत स्पष्ट सांगा.

स्पष्ट सांगते, जमीन विकून पहिल्या वर्षाचे पैसे उभे करायचे आणि पुढचं पुढं बघू असं करू नका. सहा वर्षांचा हिशोब आधी कागदावर मांडा. फी, राहणं, खाणं, विमा, व्हिसा रिन्यू, वर्षाआड का होईना घरी यायचं तिकीट, आणि परत आल्यावर एफएमजीईची तयारी व इंटर्नशिप मिळून निदान दीड-दोन वर्षं, कारण तोपर्यंत तो कमावणार नाही. फी युरोत नाहीतर चेक क्राउनमध्ये असते आणि रुपया घसरत जातो. दहा वर्षांपूर्वी युरो सत्तर-पंच्याहत्तरच्या घरात होता, आता शंभरी गाठलीय. उसाचं बिल काय त्या हिशोबानं वाढलेलं नाही.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही हे बरोबर आहे, हायडलबर्ग हे १३८६ चं जुनं विद्यापीठ ज्या राज्यात आहे तिथं मात्र आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत. पण तिथं मेडिकल जर्मन भाषेतून शिकवतात. सी-वन, म्हणजे बरीच वरच्या पातळीची जर्मन लागते, बारावीनंतर बहुतेकांना आधी वर्षभराचा श्टुडिएनकोलेग, म्हणजे विद्यापीठाच्या तयारीचा कोर्स, करावा लागतो, आणि परदेशी मुलांना जागा अगदी थोड्या. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे जवळपास १२ हजार युरो ब्लॉक्ड अकाउंटला दाखवावे लागतात. आणि एनएमसीची इंग्रजी माध्यमाची अट वर सांगितलीच, त्यामुळे जर्मनीला जायचं तर तिथंच डॉक्टर म्हणून राहायच्या तयारीनं जायचं. तुमचा मुलगा त्याला तयार असेल आणि आत्तापासून दोन वर्षं भाषेला द्यायला तयार असेल तर हा रस्ता फार चांगला आहे, अर्धवट मनानं असेल तर नको.

तुमच्यासारख्या घरासाठी मला इटली जास्त बघण्यासारखी वाटते. तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी घरच्या उत्पन्नावर ठरते, उत्पन्न आणि मालमत्तेचे कागद भाषांतर करून द्यावे लागतात, कमी उत्पन्नाला फी खूप खाली येते आणि प्रत्येक प्रांताची शिष्यवृत्ती पण असते. पादुआ, बोलोन्या, पाविया, रोमचं सापिएन्झा, अशी जुनी विद्यापीठं इंग्लिशमधून मेडिकल शिकवतात. प्रवेश आयमॅट परीक्षेवर, ६० प्रश्न, १०० मिनिटं, बरोबरला दीड गुण, चुकलं तर ०.४ वजा. युरोपबाहेरच्यांच्या जागा वेगळ्या असतात आणि त्यांना स्पर्धा मोठी आहे, पण नीटचा बायोलॉजी-केमिस्ट्रीचा अभ्यास तिथं कामाला येतो, लॉजिक आणि वाचन वेगळं करावं लागतं. इंटर्नशिपचा मुद्दा मात्र इटलीच्या बाबतीत आधी लेखी सोडवून घ्या, पहिल्या उत्तरात सांगितलंय तसं, नाहीतर स्वस्तात शिकून परत आल्यावर अडकाल.

इटली म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाला एक माहिती असायला हवी, आपले राजाराम महाराज १८७० साली विलायतेहून परत येताना फ्लॉरेन्सला वारले, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि तिथं त्यांची छत्री आणि पुतळा आजही आहे. मुलगा इटलीला गेलाच तर तिथं जाऊन डोकं टेकवून ये म्हणावं.

कर्जाचं म्हणाल तर साडेसात लाखांच्या वर बँका तारण मागतात आणि शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बऱ्याच बँका नाखूष असतात, कारण थकलेल्या कर्जासाठी कोर्टात न जाता तारण जप्त करू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे गावठाणातलं घर किंवा प्लॉट असेल तर त्याचे कागद आधी काढून ठेवा. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून बाहेर पाठवलेल्या पैशावर एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, लागत नाही, स्वतःच्या खात्यातून वर्षाला १० लाखांच्या वर पाठवले तर लागतो, हे सीएला विचारून घ्या. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती बऱ्याच जणांनी विचारलीय, ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पदव्युत्तर व पीएचडीसाठी आहे, बारावीनंतरच्या मेडिकलला तिचा उपयोग नाही.

गडहिंग्लज : नातीला एकटीला एवढ्या लांब पाठवायला माझं मन तयार नाही. पोरीच्या जातीला हे जमेल का?

आजी, नमस्कार. १८८३ साली आनंदीबाई जोशी नवरा सोबत नसताना बोटीनं अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि त्यांना नेमणूक कुणी दिली माहितीय का, आपल्या कोल्हापूर संस्थानानं, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डावर. तेच आजचं आपलं सीपीआर. दुर्दैवानं आजारपणात फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या आणि कामावर रुजू होता आलं नाही. पण कोल्हापूरनं तेव्हा बाईडॉक्टरची वाट बघितली होती, आणि तुम्ही आत्ता नातीला नाही म्हणू नका.

प्रागसारख्या शहरात रात्री ट्राम चालतात, मुली लायब्ररीतून उशिरा एकट्या येतात. विद्यापीठाची वसतिगृहं आहेत, पहिलं वर्ष तिथंच राहू दे. जेवणाचं म्हणाल तर तांदूळ, डाळ, मसाला सगळं मिळतं, फक्त आपला कांदा-लसूण मसाला तेवढा घरचा द्या, आणि तिला स्वयंपाक येत नसेल तर जायच्या आधी भाकरी नाही जमली तरी आमटी-भात शिकवा. शाकाहारी असेल तर कॅन्टीनमध्ये पहिले काही दिवस चीज आणि बटाट्यावर जातील.

कागल : मी एका देशात पहिलं वर्ष केलंय, आता दुसऱ्या देशातल्या जुन्या, नावाजलेल्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला ट्रान्सफर देतो असं एकानं सांगितलंय. करू का?

दुसऱ्या वर्षाला ट्रान्सफर करू नकोस. एनएमसीला पूर्ण कोर्स आणि इंटर्नशिप एकाच परदेशी संस्थेत झालेली हवी असते. मधे संस्था बदलली तर परत आल्यावर रजिस्ट्रेशनला अडचण येते आणि तेव्हा ट्रान्सफर करून देणारा फोन उचलत नाही. खरंच बदलायचं असेल तर नवीन विद्यापीठात प्रवेश परीक्षा देऊन पहिल्या वर्षापासून सुरू कर, एक वर्ष जाईल पण पदवी चालेल. फक्त तुझ्या नीटच्या निकालाची तीन वर्षं संपली नाहीत ना ते आज बघ, आणि दहावी-बारावीच्या मार्कशीटवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून सरकारचा शिक्का, झालंय का ते पण, कारण मूळ कागद पहिल्या विद्यापीठाकडं जमा असतील तर ते परत मिळायलाच कधीकधी महिना जातो.